पेटविणाऱ्याचे देणे
(शास्त्रपाठ : निर्गम 22:6)



भाताची झोडणी आटोपली, वरकस जमिनीवरील गवत वाळून पिवळे झाले, आणि बोईसरच्या पूर्वेकडील डोंगरांवर रात्री लाल रेघा दिसू लागल्या, म्हणजे आम्हांस हा शास्त्रपाठ आठवतो. मोशेच्या नियमशास्त्रात चोरीच्या व जनावरांनी केलेल्या नुकसानीच्या नियमांजवळच ही शेतकऱ्याची गोष्ट आली आहे. काट्याकुट्यांस लागलेली आग पसरून दुसऱ्याचे पीक जळाले, तर ज्याने विस्तव पेटविला त्याने ते भरून द्यावयाचे. हेतू काय होता, हे तेथे विचारलेले नाही. वाऱ्याची सबबही घेतलेली नाही.

आमच्यापैकी पुष्कळांस वणवा दैवी कोप वाटतो. परंतु माघ-फाल्गुनात आमच्याकडे वीज पडते कोठे? मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवितो. कोणी दाढ भाजण्यासाठी राब लावितो. कोणी विडीचे थोटूक टाकून पुढे जातो. शमशोनास पलिष्ट्यांची शेते जाळण्यासाठी तीनशे कोल्हे धरावे लागले. आम्हांस तेवढेही श्रम पडत नाहीत.

गवतास क्षुद्र मानू नये. ह्या भागातील गवत मुंबईच्या तबेल्यांस जात असे. आणि 1945 साली डहाणू-उंबरगाव भागातील वारली मजुरांनी संप केला, तो गवतकापणीच्या मजुरीसाठीच. पाचशे रत्तलांस अडीच रुपये, एवढेच त्यांचे मागणे होते. 1927 च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरविले आहे. पण शिक्षेने गरिबाची गंजी परत येत नाही.

आता आमचीच गोष्ट सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आधी, प्रार्थनामंदिराचे आवार स्वच्छ करावे म्हणून आम्ही तेथील वाळके गवत पेटविले. भोवतालचा पट्टा आधी खरडून घ्यावा, पहाटे दव असता विस्तव लावावा व हाताशी माणसे ठेवावी, हे आम्हांस ठाऊक होते. पण घाई होती, आणि आम्ही भर दुपारी काडी ओढिली. दुपारी तारापूरकडून समुद्राचा वारा सुटतो. त्याने जाळ बांधापलीकडे नेला, आणि मंडळीतील एका विधवा बहिणीची गंजी क्षणात गेली. बायामुलांनी ओल्या फांद्या घेऊन दोन्ही बाजूंनी आग झोडपली, म्हणून घर राहिले.

लोकांनी विचारिले तेव्हा आम्ही म्हणालो, "वारा फार होता." ते खोटे नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही क्षमेवर उपदेश केला. ती बाई समोरच बसली होती; काही बोलली नाही.

पंधरा दिवसांनी, मन टोचू लागले तेव्हा, आम्ही गाडीभर गवत घेऊन तिच्या दारी गेलो. गोठा रिकामा होता. चाऱ्यावाचून तिने बैल विकिले होते.

"पाद्रीबाबा," ती म्हणाली, "आता हे गवत कोणापुढे टाकू?"

बैलजोडीची किंमत आम्ही तीन हंगामांत फेडिली, आणि कशासाठी ते मंडळीसमोर उभे राहून सांगितले. माघ लागला की आता शिक्षकबंधू व आम्ही मिळून घरांभोवतीचे व गंज्यांभोवतीचे गवत खरडून टाकितो. पहिला पट्टा तिच्या गंजीचा असतो. तिने नवे बैल घेतले आहेत. गंजी मात्र ती आता ओढ्यापलीकडे रचते.