ठाव सुटताना

गेले सहा आठवडे मी लेकीकडे इंग्लंडमध्ये आहे. रोज सकाळी साडेसहाला शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर नदीवर जातो. (मीही त्याच्याच वयाचा आहे, पण म्हातारपण आधी दुसऱ्याचं दिसतं.) बाबा फिरायला जातात असं लेकीला वाटतं. खरं म्हणजे मी एका कुत्रीची शाळा बघायला जातो.

नदी स्टाऊर, परगणा डॉर्सेट. पाणी संथ, काठाने लव्हाळी आणि वाळुंज. म्हातारा उमेदीत एका इस्टेटीवर गेमकीपर होता, म्हणजे शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांची राखण करणारा. आता त्याच्याकडे दोन काळ्या लॅब्राडोर कुत्र्या आहेत. थोरली नऊ वर्षांची, हनुवटी पिकलेली. धाकटी आठ महिन्यांची, नाव ब्रॅम्बल. ब्रॅम्बल म्हणजे इकडच्या काटेरी जाळीतलं काळं फळ. आपलं करवंदच म्हणायचं. या करवंदाला गनडॉग करायचं चाललं आहे. बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यातून, झुडपातून उचलायचा, दात न लावता आणायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा, एवढंच त्या कुत्र्याचं काम. शिकारीचं मला कौतुक नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते दिवस संपले, बरंच झालं. पण छर्रा लागलेलं बदक लव्हाळ्यात तडफडत राहू नये म्हणून कुत्रं लागतं, हे म्हाताऱ्याचं म्हणणं मला पटलं.

पहिल्या दिवशी वाटलं, आता हा काठी फेकणार आणि पिल्लू धबाक्कन उडी मारणार. त्याने काहीच फेकलं नाही. गुरं पाण्यावर येतात तो उतार त्याने निवडला होता. तळाला वाळू-गोटे, गाळ नाही, आणि बरंच आत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर नाही. गमबूट घालून तो घोटाभर पाण्यात उतरला आणि हात मागे बांधून नुसता येरझाऱ्या घालू लागला, देवळाच्या आवारात घालावी तशी शतपावली. थोरली त्याच्या मागे. ब्रॅम्बल काठाने पळत, कुंईकुंई करत. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाचेक मिनिटांनी तिला एकटं राहवेना. पुढचा एक पाय पाण्यात, मग दुसरा, आणि मग पाणी विसरून ती थोरलीच्या शेपटीमागे गेली. दहा मिनिटांत शाळा सुटली. शाबासकी नाही, खाऊ नाही. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. चार दिवस हेच.

मे संपेपर्यंत तो थांबला होता, कारण पाणी अंगाला बोचता कामा नये. थंडीत पहिलाच पाय गारठला की कुत्रं ते विसरत नाही, असं तो म्हणाला.

मी म्हटलं, लॅब्राडोर म्हणजे पाण्याचंच कुत्रं, त्याला इतकं जपायचं कशाला? त्यावर त्याने मला इतिहास सांगितला, आणि तो सांगायला जागा योग्यच होती. ही जात मूळची लॅब्राडोरची नव्हेच, शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरची. तिथल्या कोळ्यांकडे सेंट जॉन्सचं पाणकुत्रं होतं. ते गळातून सुटलेला मासा आणायचं, जाळ्याची दोरी ओढून द्यायचं. खारवलेल्या कॉड माशांची गलबतं तिथून पूल बंदराला लागत. हे पूल इथून अर्ध्या तासाच्या आत आहे. (नाव पूल असलं तरी आपल्या पुलाशी त्याचा काही संबंध नाही.) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जवळच्या हर्न गावच्या माम्सबरीच्या उमरावाने हे कुत्रे तिथे पाहिले आणि आपल्या पाणथळीतल्या बदकांसाठी घेतले. १८८० च्या दशकात त्याच घराण्याकडून नेड आणि एव्हन हे दोन कुत्रे स्कॉटलंडच्या बक्ल्यू घराण्याकडे गेले, आणि आजच्या लॅब्राडोरचा वंश त्यांच्याकडे नेऊन जोडतात. १९०३ मध्ये केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. न्यूफाउंडलंडचं ते मूळ पाणकुत्रं मात्र विसाव्या शतकातच नामशेष झालं.

हे सांगता सांगता त्याने थोरलीची शेपटी माझ्या हातात दिली. बुडाशी मनगटाएवढी जाड, टोकाला निमुळती, पाणमांजरासारखी. पोहताना सुकाणू होते. बोटांमधलं कातडं ताणून दाखवलं. केस उलटे फिरवून आतली लोकर दाखवली, दाट आणि तेलकट, जिच्यातून पाणी कातडीपर्यंत जात नाही. मग ब्रॅम्बलकडे बोट केलं. हे सगळं तिलाही आहे, फक्त तिला ते अजून ठाऊक नाही.

मला आमची विहीर आठवली. पायऱ्यांची, काळ्या दगडाची. मी नऊ वर्षांचा असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि थारोळ्यावरून मला ढकललं. पाठोपाठ त्यांनीही सूर मारला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. गटांगळ्या खाल्ल्या, नाकात पाणी गेलं, वरती सगळी पोरं हसत होती. चौथ्या दिवशी डबा सुटला आणि मी पोहलो. गावातल्या प्रत्येक पोराला असंच पोहणं आलं आणि अण्णांवर माझा राग नाही. पण बी. ए. होऊन गाव सोडल्यावर मी स्वतःहून एकदाही पाण्यात उतरलेलो नाही. पोहायला आलं, पाणी आवडलं नाही. हे आजवर कुणाला सांगायची वेळ आली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं.

गनडॉगचं काम नेमकं तिथे सुरू होतं जिथे माझं थांबलं. इंग्लंडात नदी-तळ्यावरच्या बदकांच्या शिकारीचा मोसम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी. जानेवारीत संध्याकाळी काठाला बर्फाची साय धरलेली असताना बदक पलीकडच्या तीराला पडतं. त्या वेळी कुत्र्याला कुणी ढकलणार नसतं. त्याने एका शब्दावर स्वतःहून जायचं असतं, आणि पक्षी तोंडात घेऊन परत यायचं असतं. रिट्रीव्हरला, म्हणजे पक्षी आणून देणाऱ्या अशा कुत्र्याला, फील्ड ट्रायल चॅम्पियन ही पदवी मिळवायची असेल, तर पाण्यातली परीक्षाही द्यावी लागते. नुसतं जमिनीवर हुशार असून भागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात डमी आली. कॅनव्हासची गुंडाळी, अर्ध्या पौंडाची, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमची, तरंगणारी. कोरड्यावर ती आणून द्यायला ब्रॅम्बल आधीच शिकली होती. आता पाण्याच्या कडेला, मग पोटाला पाणी लागेल तिथे, मग त्याच्या हातभर पुढे. सकाळी तीनदाच. तिसऱ्यांदा आणल्यावर ती नाचत असते, अजून एक, अजून एक म्हणत. तेव्हाच तो डमी खिशात घालतो. शिवाय प्रत्येक डमी तिची नसते. एखादी फेकायची, तिला बसवून ठेवायचं आणि त्याने स्वतः गमबुटांनी पाणी तुडवत जाऊन ती आणायची. कुत्रीचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असतो.

आणि मग मी घोटाळा केला.

एका सकाळी त्याने कौतुकाने डमी माझ्या हातात दिली. क्रिकेट खेळलेला हात. टाकली ती थेट मधल्या धारेत. ब्रॅम्बल उतारावरून धावली, पाण्यात शिरली आणि एकदम तिचा ठाव सुटला. धड उभं झालं, मागचे पाय खाली गेले, पुढच्या पंजांनी ती पाण्यावर थापट्या मारू लागली. पाणी डोळ्यांत, डमी दिसेना. गर्रकन वळून ती काठाला आली ती थेट कुंपणाच्या फाटकापाशी जाऊन बसली. थोरलीने शिट्टीवर जाऊन डमी आणली. मी तोंडातल्या तोंडात सॉरी म्हटलं. म्हातारा काही बोलला नाही, पण त्यानंतर डमी माझ्या हातात आलेली नाही.

नऊ दिवस ती घोट्याच्या वर पाण्यात गेली नाही. त्या नऊ दिवसांत त्याने काय केलं? घोटाभर पाण्यात शतपावली. पुन्हा पहिल्या धड्यापासून, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. मला मात्र रोज अपराधी वाटायचं. दहाव्या दिवशी ती थोरलीच्या मागे पोटाइतक्या पाण्यात गेली, बाराव्या दिवशी तो गमबूट काढून जुन्या पँटवर कमरेइतक्या पाण्यात उतरला. सत्तरी उलटलेला माणूस, सकाळचे सात. थोरली त्याच्या एका बाजूने संथ पोहत होती, फक्त डोकं आणि पाठीची रेघ वर. ब्रॅम्बल दुसऱ्या बाजूला आली. ठाव सुटताना तिचं मागचं धड खाली जाऊ लागलं तसा त्याने पोटाखाली तळहात धरला, अंग आडवं केलं आणि तीन-चार पावलांनी हात काढून घेतला. थापट्या थांबल्या. चार हात पाणी ती पोहली. मला अण्णांचा डबा आठवला, खोटं का बोला.

पोहण्यापेक्षा अवघड धडा पुढे होता. ओलं कुत्रं काठावर आलं की पहिली गोष्ट करतं ती अंग झटकणं, आणि झटकायचं तर तोंडातलं खाली टाकतं. बदक अर्धमेलं असलं तर तेवढ्यात निसटतं. यावर ओरडून उपयोग नाही, झटकणं तिच्या हातात नाही. म्हणून म्हातारा पाण्यातच उभा राहतो. ती पोहत त्याच्यापर्यंत येते, पाठ अजून ओली-जड असते, झटकायची वेळ झालेली नसते. तेवढ्यात तो हळूच डमी घेतो आणि मग तिला झटकू देतो. रोज तो एक पाऊल मागे सरकतो. गुडघाभर, मग घोटाभर, मग ओली वाळू. काल त्याची टाच गवताला लागली.

उड्या मारत पाण्यात शिरण्याचं तो कौतुक करत नाही. फोटोला छान, पण पाण्याखाली बुडालेला खुंट छातीत घुसतो, त्याने पाहिलं आहे. थंड पाण्यात दमेस्तोवर पोहवलं तर लॅब्राडोरची शेपटी लुळी पडते. काही दिवसांत बरी होते, पण दुखते. कडक उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवी साय आली की तिथे पाऊल टाकायचं नाही, ते शेवाळ कुत्र्याचा जीव घेतं. काही लॅब्राडोरांमध्ये आईबापांकडून एक दोष येतो. जोराची धावपळ केली की मागचे पाय ढासळतात, आणि पाण्यात तसं झालं तर कुत्रं बुडतं. याचं जनुक २००८ मध्ये सापडलं. ब्रॅम्बलच्या आईबापांची तपासणी पाहूनच त्याने तिला घेतलं.

हे सगळं लिहून ठेवायचं कारण पुण्याहून आलेला व्हिडिओ. माझ्या भाच्याने वर्षभरापूर्वी लॅब्राडोर घेतला. परवा तो मित्रांबरोबर धरणाच्या फुगवट्यावर गेला होता. दोघांनी कुत्र्याला पुढून-मागून धरलं, झुलवलं, एक-दोन-साडेमाडे-तीन, आणि खोल पाण्यात भिरकावलं. सगळे हसले. कुत्रा पोहत बाहेर आला. खाली भाच्याने लिहिलं होतं, ‘मामा, बघा, जन्मजात पोहणारा!’ मी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. कुत्रा अंग झटकून कुणाकडेही न बघता सरळ गाडीपाशी गेला आणि दाराला नाक लावून बसला.

भाच्याला उत्तर लिहिलं आहे. अरे, पुढच्या रविवारी गेलास तर उतरता, वाळूचा काठ शोध. विहीर नको आणि सिमेंटचा कालवाही नको, तिथून कुत्र्याला वर चढता येत नाही. पावसाने पाण्याला ओढ असेल तर गाडीतून उतरूच नका. काही फेकू नकोस, मित्रांना घरी ठेव. जुन्या चपला घाल आणि आधी तू उतर.