कासवीची दृष्टी आणि वाटेचा सोबती





कोणी संप्रदाय गुरूच्या नावाने ओळखला जातो, कोणी मंत्राने, कोणी कपाळीच्या टिळ्याने. आपला संप्रदाय ओळखला जातो तो चालण्याने. वारी करतो तो वारकरी. जातो आणि पुन्हा जातो, एवढीच त्याची खूण. म्हणून चालण्याविषयी कोणी शंका काढली, तर ती आपल्या मुळावरची शंका होय, आणि तिचा विचार आपण केलाच पाहिजे.

शंका दोन आहेत. पहिली अशी की, आळंदीहून पंढरी मोटारीने काही तासांत गाठता येते, मग सुमारे अडीचशे किलोमीटर ऊनपावसात पाय कशाला झिजवायचे? दुसरी शंका अधिक खोल आहे. देवाची दृष्टी भक्तावर अखंड असते असे आपण सांगतो. मग ज्याच्या घरावर दुःख कोसळले, त्याच्यावरची ती दृष्टी त्या वेळी कुठे गेली होती? ह्या दोन्ही शंकांचे उत्तर एकाच ठिकाणी आमच्या ध्यानात आले. ते ठिकाण देऊळ नव्हे, मठ नव्हे. ती कोकणातली एक पुळण आहे.

आमचे एक स्नेही निवृत्त शाळामास्तर आहेत. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो, ते आम्हांस बुवा म्हणतात. वीस वर्षे हे दांपत्य दिंडीत चालले. बाईंच्या डोक्यावर तुळस, ह्यांच्या गळ्यात टाळ. दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. तेव्हापासून टाळ खुंटीला लागला तो लागलाच. माळ गळ्यात राहिली, पण एकादशी सुटली, हरिपाठ सुटला. वारीला चला असे त्यांना म्हणण्याचा आम्हांला धीर होईना. म्हणून गेल्या फाल्गुनात म्हटले, "गुरुजी, पंढरीला नको, समुद्राकडे तरी चला. पाय मोकळे होतील." ते 'हो' म्हणाले.

दापोली तालुक्यातल्या केळशीपासून खाली दाभोळपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे ठरले. पुळण आहे तेथे पुळणीने, कडा आडवा आला की डोंगर चढून सड्यावरून. एका हाताला निळे पाणी, दुसऱ्या हाताला माडापोफळींच्या वाड्या, मध्ये सुरूची बने, पायाखाली तांबडा जांभा. सृष्टीची शोभा पाहावी तर येथे पाहावी. होळी झाली होती, पण शिमग्याच्या पालख्या अजून गावोगाव फिरत होत्या. कोकणात ह्या दिवसांत ग्रामदेवता देऊळ सोडून पालखीत बसते आणि घरोघर जाते. घरच्या माणसांनी अंगण सारवून वाट पाहायची, पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची. देशावर भक्त देवाकडे चालत जातो, येथे देव भक्ताकडे चालत येतो. आम्ही हे गुरुजींना म्हटले. ते म्हणाले, "ज्याच्या दारात येतो, त्याच्या." एवढेच. आम्हीही पुढे बोललो नाही.

आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतले. तेथून समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग दिसतो. मुक्काम गावातच केला. ह्या गावाच्या पुळणीवर, आणि उत्तरेस मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या पुळणीवरही, समुद्री कासवी अंडी घालायला येतात. थंडीच्या दिवसांत रात्री मादी पाण्यातून वर येते, भरतीची रेषा ओलांडून कोरडी जागा गाठते, मागच्या पायांनी हात-दीड हात खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने ती चेपते, आणि परत पाण्यात जाते. पिल्ले पन्नासेक दिवसांनी बाहेर पडतात. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, कुत्री-कोल्हे खात. वेळासला 2002 सालापासून गावकऱ्यांना हाताशी धरून राखणीचे काम सुरू झाले, आणि आता इतर गावीही अंडी कुंपणात नेऊन जपतात. पिल्ले वर आली की टोपलीखाली ठेवतात आणि समुद्राकडे सोडतात.

संध्याकाळी ते कुंपण पाहताना गुरुजी एकदम म्हणाले, "बुवा, तुम्ही कीर्तनात सांगता, कासवी दूर राहून नुसत्या दृष्टीने पिलांना पोसते. हे पाहा खरं काय आहे ते. आली, अंडी घातली, माती लोटली अन् गेली. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. कुठली दृष्टी अन् कुठलं पोसणं?"

सज्जनहो, कासवीचा हा दृष्टांत संतवाङ्मयात ठिकठिकाणी येतो हे आपणांस ठाऊक आहे. त्यावर शास्त्राधाराने बोलता आले असते. पण ज्याच्या प्रश्नाच्या पोटात मरण बसलेले आहे, त्याच्या पुढ्यात पोथी उघडू नये. आम्ही म्हटले, "उद्या पहाटे पिल्लं सोडणार आहेत म्हणतात. येऊ या."

पहाटे गेलो. अजून फटफटले नव्हते. राखणीचा एक तरणा मुलगा टोपली उघडून बसला होता. तळहातात मावतील एवढी काळी पिल्ले. वाळूवर ठेवताच ती वल्ह्यांसारखे पाय मारीत पाण्याकडे निघाली. त्यांतले एक अडखळून उलटे पडले. गुरुजी वाकले. मुलगा म्हणाला, "बाबा, हात नका लावू. त्यांचं त्यांना चालू द्या." गुरुजींनी विचारले, "का रे? उचलून पाण्यात ठेवलं तर काय बिघडलं?" तो म्हणाला, "चाललं तरच हा किनारा त्याच्या ध्यानात राहतो म्हणतात. मोठी झाली की मादी इथंच परत येते."

वाढलेली कासवी आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या आसपास परतते हे अभ्यासकांनी पुष्कळ पाहिले आहे. वाळूवरच्या पहिल्या चालीने तिला ती ओळख पटत असावी, असे पुष्कळांचे मानणे आहे. पहिल्या शंकेचे उत्तर येथे मिळाले. मोटारीने गेलेला पंढरीला पोहोचतो, ह्यात वाद नाही. पण पायी गेलेल्याच्या अंगात ती वाट शिरते. दिवेघाटाची चढण पोटऱ्यांना ठाऊक होते, कोणत्या मुक्कामी कोणी पाणी दिले ते घशाला ठाऊक होते. पुढे आयुष्यात भरकटला, तरी त्याच्या पायांना परतायची जागा असते. उचलून ठेवलेल्याला ती कोठून असणार?

इतक्यात दोन पिल्ले पाण्याकडे न जाता उलट फिरली. कारण लवकरच कळले. किनाऱ्यालगतच्या एका घराच्या पडवीत विजेचा दिवा लख्ख जळत होता. पिलांना आई वाट दाखवीत नाही. अंधारात पाण्यावरचा जो मंद उजेड असतो, त्याच्याकडे ती धावतात. माणसाने त्याहून झगझगीत दिवा लावला, तर ती फसतात आणि पाण्यापासून दूर जाऊन मरतात. राखणीचा मुलगा दिवा मालवायला धावला. तोवर गुरुजींनी काय केले? खांद्यावरचे उपरणे दोन्ही हातांनी पसरले आणि दिवा अन् पिल्ले ह्यांच्या मध्ये आडवे उभे राहिले. सावली पडली. पिल्ले थबकली, वळली, पाण्याच्या वाटेला लागली. शेवटचे पिल्लू लाटेने उचलून नेईपर्यंत ह्या गृहस्थांनी हात खाली केले नाहीत.

आता दुसऱ्या शंकेकडे येऊ. दृष्टांत एकदेशी असतो हा नियम आहे. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणजे मुखाला कला असतात असे कोणी समजत नाही. कासवीचा दृष्टांत प्राणिशास्त्र शिकविण्यासाठी आलेला नाही. जवळ न दिसणारा आपल्याला सांभाळतो आहे, एवढाच अंश घ्यायचा. आणि तो अंश पुळणीवर खोटा ठरतो का? मादी गेली खरी, पण जाण्यापूर्वी तिने भरती पोहोचणार नाही अशी जागा निवडली. ऊब देण्याचे काम वाळूवर सोपविले. ती ऊब अशी की, पिल्लू नर व्हायचे की मादी हेही वाळूच्या उष्णतेवरून ठरते. वाट दाखविण्याचे काम समुद्राच्या उजेडावर सोपविले, आणि उजेडाकडे धावण्याची ओढ पिलाच्या पोटातच ठेवली. ह्याला पाठ फिरवणे म्हणावे की तरतूद म्हणावे? आणि जिथे तरतूद अपुरी पडली, तिथे एक दुखावलेला माणूस उपरणे पसरून उभा राहिला. त्या क्षणी दृष्टी कोणाची होती? देवाला डोळे हवे असतात तेव्हा तो असेच कोणाचे तरी डोळे घेतो.

हे ऐकून कोणी म्हणेल, "बुवा, समुद्रात गेलेल्यांपैकी किती वाचतात?" फार थोडी वाचतात. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कृपा म्हणजे मरण टळणे, असे आपल्या संतांनी कधी सांगितले नाही. ज्ञानोबारायांचे मातापिता देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेले, चार लेकरे उघड्यावर पडली. त्यांच्याइतके सोडून दिलेले कोण होते? परंतु ज्ञानेश्वरी पुरी झाल्यावर, शके 1212 मध्ये, माउलींनी विश्वात्मक देवापाशी मागितले ते सर्व प्राणिमात्रांसाठी मागितले. आई गेली म्हणून जगाकडे पाठ फिरविली नाही, तर स्वतःच जगाची माउली झाले. वेदनेचे उत्तर युक्तिवादाने त्यांनी दिले नाही, होऊन दाखविले.

पुढे हर्णैवरून मुरुडास आलो. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या बालपणाचे गाव. परीक्षेला बसायचे म्हणून ते पोरवयात सोबत्यांबरोबर येथून साताऱ्यापर्यंत भर पावसात घाट चढून पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. आले तसे परतले. पण तो चालणारा पाय थांबला नाही, आणि शंभरी गाठली तेव्हा, 1958 साली, भारतरत्न झाला. ह्याच तालुक्यातले पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव. 1947 च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपुरात उपोषण केले, आणि अस्पृश्य मानलेल्या आपल्या बांधवांना विठ्ठलमंदिराचे दार उघडले. ज्या चोखोबारायांची समाधी महाद्वारी आहे, त्यांच्या लेकरांना त्या दारातून आत जायला इतकी शतके लागली. सोबत्याला दाराबाहेर ठेवून आपण आत गेलो, तर आपण चाललो कुठे?

वाटेत आम्ही एकदाच विषय काढला. विचारले, "गुरुजी, वीस वर्षं पहाटे तीनला तुम्हांला उठवून चालतं कोण करी?" ते म्हणाले, "तीच." आम्ही म्हटले, "मग ती ओढ तिनं बरोबर नेली, की तुमच्या पोटात ठेवून गेली?" त्यांनी उत्तर दिले नाही. लाडघरास तामसतीर्थ आहे. तेथे समुद्राचे पाणी तांबूस दिसते. गुरुजी गुडघाभर पाण्यात गेले, ओंजळ भरली, पाहिले, सोडून दिली. म्हणाले, "पाणी साधंच आहे. रंग तळाचा आहे." आम्ही त्यावर भाष्य केले नाही. काही दृष्टांत ज्याचे त्याला सुचावे लागतात.

येथे नामदेवराय आठवतात. ज्ञानोबारायांनी त्यांना तीर्थयात्रेला चला म्हटले, तेव्हा पंढरी सोडवेना. अखेर दोघे निघाले. मारवाडात तहानेने जीव कासावीस झाला. विहीर दिसली, पाणी खोल. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन खाली उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांना ती विद्या नव्हती. त्यांनी विठ्ठलाला हाक मारली, आणि विहीर वर उसळून भरून वाहिली, अशी कथा आहे. ज्ञानदेवांनी नामदेवांना हसले नाही, नामदेवांनी ज्ञानदेवांचा हेवा केला नाही. तहान एक, विहीर एक, पाण्यापर्यंतच्या वाटा दोन. सोबती म्हणजे आपल्यासारखाच पाणी पिणारा नव्हे, आपल्याबरोबर तहानेला थांबणारा.

शेवटी दाभोळ. तेथे चंडिकादेवीचे स्थान गुहेत आहे. बाहेरच्या उन्हातून आत शिरले की काही दिसत नाही. हळूहळू तेलाच्या दिव्याच्या उजेडात देवी दिसू लागते. आंजर्ल्यास दिवा घात करीत होता, येथे दिव्यावाचून दर्शन नाही. मग दिवा चांगला की वाईट? आपल्याकडे ओढून घेतो तो दिवा फसवा, आणि देवाकडे बोट दाखवितो तो दिवा संत. विवेक म्हणतात तो एवढाच, आणि तो एकट्याला क्वचितच साधतो. म्हणून संगत हवी.

खाडी उतरायला फेरीबोटीत बसलो तेव्हा गुरुजींनी सहज विचारावे तसे विचारले, "बुवा, यंदा ज्येष्ठ वद्य अष्टमीला तारीख कोणती येते हो?" माउलींच्या प्रस्थानाची तिथी त्यांना तोंडपाठ होती, तारीख तेवढी हवी होती. आम्ही दिनदर्शिका पाहून सांगितली. टाळ खुंटीवरून उतरेल की नाही, हे त्यांचे आणि पांडुरंगाचे. पण ओढ मेलेली नव्हती, हे आम्ही पाहिले.

तर बंधुभगिनींनो, आपापल्या दिंडीकडे एकदा पाहा. गेल्या वर्षी होता आणि यंदा नाही, असा कोणी तरी असेलच. कोणाचा जोडीदार गेला असेल, कोणाचे पोर गेले असेल, कोणी नुसताच रुसला असेल. त्याच्या दारी जा. त्याला प्रमाणे ऐकवू नका, उचलून पाण्यात ठेवायलाही जाऊ नका. त्याच्याबरोबर चार पावले चाला, समुद्राकडे म्हणा, शेताकडे म्हणा. आणि जो खोटा दिवा त्याला उलटा फिरवीत असेल, त्याच्या आड आपले उपरणे धरून उभे राहा. हीही वारीच आहे. पुढचे चालणे त्याचे त्याला चालू द्या.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥