तासाची सायकल आणि पहाटेचा घाट

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शहरांत हौसेने सायकल चालवणाऱ्यांची संख्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली असून, या वाढीकडे बहुतेक वेळा ‘सायकल परत आली’ अशा समाधानाने पाहिले जाते. हे समाधान तपासून घेण्याजोगे आहे. जी सायकल या भागातून गेली आणि जी आता आली आहे, त्या दोहोंत दोन चाके सोडली तर फारसे काही समान नाही. चालवणारा माणूस, त्याची वेळ, त्याचा रस्ता आणि त्याने मोजलेले पैसे हे सारेच बदललेले आहे. साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वरचा घाट चढणारा किंवा सांगलीत विश्रामबागेतून निघून मिरजेपलीकडे दंडोबाच्या डोंगराकडे जाणारा रविवारचा गट हा त्याच गावातील जुन्या सायकलस्वाराचा वारस नाही, आणि तसा तो मानल्यामुळे मधल्या काळात नेमके काय हरवले हा प्रश्न विचारलाच जात नाही.

सायकलीचा या भागातील इतिहास हौसेपासूनच सुरू होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान काढले आणि त्याच वर्षी बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. तोपर्यंतची सायकल भरीव रबराच्या धावेवर हाडे खिळखिळी करीत चालत असे. त्या काळी सायकल घेणारा माणूस साहेब, वकील किंवा संस्थानिकांच्या परिवारातला असे आणि ती चालवायला शिकणे हाच एक विरंगुळा असे. किर्लोस्करांचा उद्योग पुढे नांगर आणि पंपांकडे वळला, 1910 मध्ये औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली. महाराष्ट्रातील एका नामांकित उद्योगनगरीचे मूळ अशा रीतीने सायकलीच्या दुकानात सापडते. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टी. आय. सायकल्स (1949), सोनीपतला अ‍ॅटलस (1951) आणि लुधियान्याला हीरो (1956) हे कारखाने उभे राहिले आणि साहेबाची सायकल दूधवाला, पोस्टमन, शिक्षक, गिरणीकामगार यांच्या हाती आली. नगरपालिका तिच्यावर कर घेऊन बिल्ला देत, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत, डबलसीट जाणाऱ्याला उतरवीत. एखादे वाहन सर्वसामान्य झाल्याची यापेक्षा भक्कम खूण दुसरी नसावी.

या सर्वसामान्य सायकलीच्या काळात हौस कुठे होती, या प्रश्नाचे उत्तर भाड्याच्या सायकलीच्या दुकानात मिळते. शहरातल्या प्रत्येक पेठेत आणि बाजारपेठेच्या प्रत्येक गावात असे एक दुकान असे. मडगार्डवर पांढऱ्या रंगात क्रमांक टाकलेल्या सायकली दुकानापुढे ओळीने लावलेल्या असत, त्यांत दोन-तीन लहान मुलांच्या असत, आणि वहीत नाव, क्रमांक व नेल्याची वेळ लिहून सायकल तासाच्या हिशेबाने हाती दिली जात असे. मूल कोणाचे हे दुकानदाराला ठाऊक असल्याने अनामत लागत नसे, आणि परतायला पाच-दहा मिनिटे उशीर झाला तर पुढचा तास धरायचा की नाही, हेही बापाची ओळख पाहून ठरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत या दुकानांचा धंदा शिखरावर असे. ज्याचे पाय पायडलपर्यंत पोहोचत नसत तो मधल्या दांड्याखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत शिके, मग दांड्यावरून आणि सरतेशेवटी टांग मारून सीटवर बसे. हे दुकान एरवी पंक्चर काढण्याचे, चाकाचा आऊट काढण्याचे, म्हणजे आरे ताणून किंवा सैल करून वाकडे झालेले चाक सरळ करण्याचे काम करी, आणि तासाची सायकल हा त्याच्या रोजच्या व्यवसायाला लागून असलेला एक लहानसा भाग असे.

ही रचना नीट समजून घेतली पाहिजे. ज्याच्या घरी सायकल नव्हती त्यालाही काही पैशांत तासभर ती मिळत असे, आणि ते शक्य होते ते उदरनिर्वाहासाठी सायकल चालवणाऱ्यांच्या गर्दीवर दुकान आधीच तगून असल्यामुळे. हौस ही कामाच्या सायकलीची सावली होती; तिच्यासाठी वेगळी संघटना, वेगळा पोशाख किंवा वेगळा रस्ता लागत नव्हता. गावोगावच्या जत्रांतही हेच दिसे. कुस्त्यांच्या मैदानाबरोबर सायकल शर्यत ठेवली जाई, आणि शाळांच्या मैदानांवर सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्याला बक्षीस देणारी संथ सायकल स्पर्धा होई, जिच्यात पाय जमिनीला लागला की स्पर्धक बाद होतो. याशिवाय चौकात सलग काही दिवस-रात्र सायकलवरून न उतरता गोल फेऱ्या मारणारा कसरतपटू असे. ध्वनिक्षेपकावर गाणी लागत, रात्री कंदिलांच्या किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात बायाबापड्या बघायला येत आणि त्याच्या सदऱ्याला नोटा टाचल्या जात. आजच्या दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारीचे कौतुक करताना या माणसाची आठवण कोणाला होत नाही, हे जरासे अन्यायाचे आहे.

ही व्यवस्था मोडली ती मात्र सायकलीबद्दल कोणाला राग आला म्हणून नव्हे. 1972 मध्ये लुना आली आणि पायडल असलेले पण पायडल मारावे न लागणारे वाहन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर खुद्द साताऱ्यातच तयार होऊ लागली. लुधियान्याच्या हीरो घराण्याने जपानच्या होंडाशी भागीदारी करून 1985 मध्ये मोटारसायकल बाजारात आणली, म्हणजे सायकलीला खरा प्रतिस्पर्धी सायकलवाल्यांनीच उभा केला. ऊस आणि दुधाच्या पैशांमुळे कृष्णा-वारणेच्या काठी रोख उत्पन्न आले, पतसंस्था आणि बँका कर्ज देऊ लागल्या आणि दारातली दुचाकी ही घराची ऐपत सांगणारी वस्तू झाली. 2011 च्या जनगणनेत देशातील 44.8 टक्के घरांत सायकल आणि 21 टक्के घरांत स्वयंचलित दुचाकी नोंदली गेली; या आकड्यांवरून सायकल टिकून असल्याचा भास होतो खरा, परंतु घरात सायकल असणे आणि घरातल्या मिळवत्या माणसाने तिच्यावर बसून कामाला जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काम करणारा माणूस सायकलवरून उतरल्याबरोबर भाड्याच्या दुकानाचा पाया खचला. पंक्चरवाला मोटारसायकलींच्या पंक्चरवर जगला. क्रमांक टाकलेल्या सायकली मात्र भंगारात गेल्या.

आजची हौशी सायकल या पोकळीत उगवली, आणि तिच्यामागे तंत्राचा वाटा मोठा आहे. जुन्या काळ्या सायकलीचे वजन वीस किलोच्या आसपास असे आणि तिला एकच गिअर असल्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे पाच मीटर पुढे जाई. सपाट सांगलीत हे प्रमाण उत्तम, पण चढावर पायांना न झेपणारे. गिअर म्हणजे हे प्रमाण बदलण्याची सोय, आणि खालच्या गिअरमध्ये तीच फेरी दोन-अडीच मीटरांवर आणता येते, म्हणजे वेग घटतो पण जोरही कमी लागतो. साताऱ्याहून कासचे पठार सुमारे पंचवीस किलोमीटरवर आणि पाचशे मीटर उंच आहे. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाटही तितकाच चढतो. काळी सायकल हातात धरून हे घाट चढावे लागत, गिअरच्या सायकलीमुळे ते चढणे हाच छंद झाला. म्हणूनच जुनी सायकल सांगलीची होती, नवी साताऱ्याला अधिक शोभते, असे म्हटले तर ते थोडे धाडसी पण फारसे चुकीचे ठरणार नाही.

दुसरे कारण आरोग्याचे आहे. 2012 मध्ये सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने पन्नाशीकडे झुकलेल्या डॉक्टर, प्राध्यापक, व्यापाऱ्यांना घाटात धावायला लावले, आणि धावण्याने गुडघे कुरकुरू लागले की माणूस सायकलीकडे वळतो हा क्रम सगळीकडे दिसतो. त्याच सुमारास ‘ब्रेव्हे’ हा प्रकार भारतात रुजला. पॅरिसच्या एका जुन्या सायकल क्लबच्या नियमांनुसार ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात, उदाहरणार्थ 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, कोणाशीही स्पर्धा न करता पार करायचे, असे त्याचे स्वरूप. पुण्याहून गोव्याला जाणारी 643 किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यत महाबळेश्वर-साताऱ्यावरून जाते. अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत 2015 मध्ये पूर्ण करणारा पहिला भारतीय संघ नाशिकच्या महाजन या डॉक्टर बंधूंचा होता. नव्या छंदाचे आदर्श वैद्यकीय व्यवसायातून आले, हा योगायोग मानण्याचे कारण नाही; हा छंद आरोग्य कमावण्याचा असून त्यासाठी वेळ आणि पैसा दोन्ही हाताशी असावे लागतात.

2020 च्या टाळेबंदीत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. व्यायामशाळा बंद झाल्याने गिअरच्या सायकलींना मागणी आली, आणि 3 जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलसने साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना थांबवला. कामाची सायकल आणि हौसेची सायकल यांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या आहेत, हे याहून स्पष्ट करणारी घटना शोधूनही मिळणार नाही. लहान प्रमाणावर हेच पंक्चरवाल्याच्या टपरीपुढे दिसते. जुन्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असे आणि ती खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळे; महागड्या सायकलीच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असतो, त्याला टपरीवरच्या पंपाचे तोंड बसत नाही, आणि लाखाच्या घरातल्या सायकलीचा मालक पितळेचा जोडतुकडा सोबत ठेवला नसेल तर हवेचा पंप समोर असूनही हताशपणे उभा राहतो. सायकल सुधारली, पण गावाशी तिचा असलेला सांधा निखळला.

यावर असा युक्तिवाद केला जातो की प्रत्येक नवी गोष्ट आधी सुखवस्तूंकडे येते आणि मग खाली झिरपते. किर्लोस्करांच्या काळी साहेबाची असलेली सायकल पन्नास-साठ वर्षांत दूधवाल्याची झालीच की. तुलना आकर्षक आहे, पण फसवी. तेव्हा सामान्य माणूस आणि सायकल यांच्यामध्ये फक्त किंमत आडवी होती, रस्ता मोकळाच होता. किंमत उतरली आणि अडसर गेला. आज साधी सायकल अनेकांना परवडते, परंतु रस्ता परवडत नाही. ऊस गाळपाच्या हंगामात कऱ्हाड, इस्लामपूर, तासगाव, पलूस या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना अंधारात चालतात, रस्त्याच्या कडेला उसाची कांडकी सांडलेली असतात आणि त्यांवरून सायकलीचे चाक घसरते. हौशी गट पहाटे साडेपाचला निघून आठच्या आत परततात ते केवळ थंड हवेसाठी नव्हे; त्यानंतर तो रस्ता त्यांचा राहत नाही. ज्याला कामावरून घर गाठायचे आहे किंवा शाळा सुटल्यावर हुंदडायचे आहे, त्याला पहाटेची ही पळवाट उपलब्ध नसते. नेदरलँड्समध्येही साठच्या दशकात मोटारींनी सायकल हटवली होती. ती परतली ती मुलांच्या अपघाती मृत्यूंविरुद्ध पालक रस्त्यावर उतरले आणि 1973 च्या तेलटंचाईनंतर शासनाने रस्त्यांची आखणी बदलली म्हणून. रविवारच्या फेऱ्यांनी ते घडले नव्हते.

लोकप्रियता मोजण्याचे मापही त्यामुळे चुकते. सायकल दिनाच्या फेरीत किती टी-शर्ट वाटले यावर बातमी बेतली जाते, आणि जिल्हा परिषदेच्या योजनेतून मिळालेली सायकल घेऊन रोज तीन-चार किलोमीटर हायस्कूलला जाणाऱ्या मुली सायकलप्रेमींच्या गणतीत कुठेच येत नाहीत. प्रत्यक्षात या मुली जाता-येता शर्यती लावतात, चढावर उतरून गप्पा मारतात, उतारावर पायडल सोडून देतात. जुन्या अर्थाने हौस शिल्लक आहे ती इथे. दहावी-बारावी संपली की सायकल धाकट्या भावाकडे जाते आणि मुलगी एस.टी.च्या पासवर किंवा कोणाच्या तरी मोटारसायकलीच्या मागच्या सीटवर येते. एकाही सायकल क्लबला तिला आपल्यात ओढून घ्यावेसे वाटलेले दिसत नाही, याला हेतूचा दोष म्हणता येणार नाही. पहाटे साडेपाचला एकटीने घाटाच्या पायथ्याशी येणे तिला शक्यच नसते.

या क्लबांकडे मात्र एक बळ आहे जे दूधवाल्याकडे कधीच नव्हते: त्यांचे सभासद नगरपालिकेत, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि वर्तमानपत्रांत ऐकले जाणारे लोक आहेत. आजवर हे बळ महामार्गावरच्या शर्यतींची परवानगी मिळवण्यात अधिक खर्च झाले. दोन्ही जिल्ह्यांत मोटारींची गर्दी नसलेल्या सपाट वाटा आधीच अस्तित्वात आहेत. कऱ्हाडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून निघणारा जुना कृष्णा कालवा, तसेच ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे कालवे यांच्या कडेने देखभालीचे रस्ते आहेत. ते अनेक गावांच्या शाळांजवळून आणि बाजारांजवळून जातात, आणि कालव्याला उतार अगदी अल्प द्यावा लागत असल्याने त्यांवर चढही जवळजवळ नसतो. ते बहुतांशी मुरमाचे आहेत, पावसाळ्यात खचतात, कुठे अतिक्रमण झालेले आहे आणि ते पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असल्याने तिथे वर्दळ वाढणे खात्याला रुचण्यासारखे नाही. त्यांतला पाच-सात किलोमीटरचा एखादा तुकडा मुरूम दाबून, मोटारसायकल शिरणार नाही असे दगडी खुंट तोंडाशी रोवून शाळेच्या वेळेत खुला करून घेणे, याला लागणारा खर्च एखाद्या मोठ्या शर्यतीच्या मंडपापेक्षा जास्त नसेल. अडचण आहे ती खात्याच्या परवानगीची, आणि ती मागायला कोणी गेलेले नाही अशातला भाग नसला, तरी मागणाऱ्यांत कालव्याकाठच्या शाळा आणि शहरातले क्लब अजून एका अर्जावर आलेले नाहीत.