पळसाची पानं

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाची वाट माणसांनी फुलते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड या आपल्या दैवतांचं स्मरण करत गोंड समाज गुहेपर्यंतचा डोंगर चढतो. त्याच सुमारास रानात पळस पेटू लागतो.

या झाडापाशी क्षणभर थांबू या. त्याची पानं काडीनं टाचली की पत्रावळ होते. जेवण झालं की ती पुन्हा माती. फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात. एकेकाळी ग्रामोफोनच्या तबकड्यांतही लाख असे. तिलाच पर्याय शोधताना लिओ बेकलंड यांना १९०७ मध्ये बेकेलाइट सापडलं, आणि कृत्रिम प्लास्टिकचं युग सुरू झालं.

आता प्लास्टिक अजिबात नको, असं म्हणता येईल? दवाखान्यातली सलाईनची नळी आठवा. तिथं ते जीव वाचवतं. पण घोटभर चहासाठी घेतलेला पेला? चहा दोन मिनिटांत संपतो, पेला पिढ्यान् पिढ्या उरतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा वस्तूंवर बंदी आहे. सवयीवर मात्र ती आपली आपणच घालायची.

वस्तूचं आयुष्य तिच्या कामाएवढंच असावं. पळसाला हे ठाऊक आहे. आपणही आज एवढं लक्षात ठेवू या.