खड्ड्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तेव्हा ७०१ किलोमीटरना किती हजार कोटी लागले याची चर्चा चौकाचौकांत झाली. ती व्हायलाच हवी. पण तालुक्याला तालुका जोडणाऱ्या साध्या राज्यमार्गावर दरसाल काय खर्च होतो आणि त्यातून पदरात काय पडतं, हे सहसा कोणी विचारत नाही.

सार्वजनिक बांधकाम खात्याचं मोजमाप पुस्तक पाहावं. लांबी, रुंदी, जाडी; गुणाकार जुळला की बिल निघतं. हिशोब चोख असेलही, पण तो कामाचा, रस्त्याचा नव्हे. दोन पावसाळ्यांनंतर त्याच डांबरावरून एसटी कशी जाते, यासाठी तिथे रकाना नाही.

ज्यूल ड्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४४ मध्येच बजावलं होतं, की सार्वजनिक कामाचं मोल त्यावर किती पैसा ओतला यावरून ठरत नाही. वापरणारा त्यासाठी किती मोजायला तयार आहे, यावरून ठरतं. आपल्याकडे १९२७ साली नेमलेल्या मुकुंदराव जयकरांच्या समितीने पेट्रोलवर अधिभार लावून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारायला सांगितलं. ज्याने रस्ता वापरला त्याने भरावं, हे तत्त्व तेव्हा रुजलं. फक्त वापरणारा पंपावर पैसे देऊन सुटत नाही. उरलेलं तो टायरमध्ये, तुटलेल्या पाट्यांमध्ये, जादा डिझेलमध्ये आणि बाजार उठल्यावर पोचलेल्या टोमॅटोमध्ये भरतो. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी बांधणी, देखभाल आणि वाहनधारकाचा खर्च एकत्र मांडला, तेव्हा रहदारीच्या रस्त्यांवर वाहनधारकाचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. म्हणजे देखभालीत वाचवलेला रुपया वाचत नाही. तो सरकारी खात्यातून उतरून हजारो खिशांवर चढतो, आणि त्याची पावती कोणालाच मिळत नाही.

या उधारीत सगळे सारखे भागीदारही नसतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिलं गेलं. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते, असा ठोकताळा त्यातून निघाला. गळीत हंगामात क्षमतेबाहेर ऊस भरलेली वाहनं एका खेपेचं भाडं वाचवतात. त्याची भरपाई त्याच रस्त्याने दूध नेणारा मोटारसायकलवाला करतो.

उरलेलं काम पाणी करतं. साइडपट्टी डांबरापेक्षा उंच राहिली किंवा मोरी तुंबली, की पाणी कडेने आत मुरतं आणि खालचा थर फुगतो. पूर्वी फावडं घेऊन पावसात चर मोकळे करणारा मैलकुली हेच थोपवायचा. त्याचा पगार अंदाजपत्रकात दिसायचा. त्याच्यामुळे न पडलेले खड्डे कुठेच दिसले नाहीत. टाळलेलं नुकसान मोजता आलं नाही, म्हणून ते टाळणारा माणूस अनावश्यक ठरला.

हायब्रिड ॲन्युइटीसारख्या करारांत ठेकेदाराच्या पैशांचा काही भाग पुढची अनेक वर्षं हप्त्यांनी मिळतो आणि देखभालही त्याच्याच गळ्यात असते. दिशा योग्य आहे. पण हप्ता सोडताना रस्ता खरंच मोजला गेला, तरच तिला अर्थ. खडबडीतपणा मोजणारी यंत्रं आहेत, त्याचा आंतरराष्ट्रीय निर्देशांकही १९८० च्या दशकापासून आहे. कामाच्या फलकावर ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि दोषदायित्वाची मुदत लिहितातच. त्याखाली दरसाल पावसाळ्यानंतर मोजलेला हा आकडाही लिहावा. मग स्वस्तात झालेला रस्ता कोणाला महाग पडला, हे निदान उघड होईल.