अवघड जागेचं दुखणं

मराठीत म्हणींना तोटा नाही, पण रोग्याची खरी पंचाईत पकडली आहे ती एकाच म्हणीने: अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. जुन्या काळी हा जावई वैद्य असायचा, पुढे तो एम.बी.बी.एस. झाला, जागा मात्र तीच राहिली. या म्हणीतली गंमत बघा. इलाज करणारा माणूस घरचाच आहे, पैसे घेणार नाही, वेळीअवेळी धावून येईल, आणि नेमकी हीच अडचण आहे! म्हणजे दुखणं सोसवेल, पण ते जावयाला दाखवणं सोसवणार नाही. आमचा जावई पुण्याला बँकेत आहे. त्याला कर्जाचे हप्ते कळतात, मूळव्याध कळत नाही. तरीही गेल्या महिन्यात मला हे अवघड जागेचं प्रकरण उद्भवलं तेव्हा मनात पहिला विचार आला तो हाच, की हे जावयाला कळता कामा नये.

प्रकरण म्हणजे काय, ते सांगायला हवं. सकाळी शौचाला गेलो असताना रक्त दिसलं. झालं, एवढंच. वाक्य सहा शब्दांचं आहे, पण ते कागदावर उतरवायला मला पाऊण तास लागला. मध्ये एकदा चहा झाला, एकदा पेनातली रिफिल बदलून झाली. हेच रक्त नाकातून आलं असतं तर मी पहिल्याच ओळीत लिहून मोकळा झालो असतो. रक्त तेच, माणूसही तोच. फक्त दार वेगळं.

त्याचं कारण असं, की लग्नातल्यासारखा आजारांतही मानपान असतो. पहिल्या पंगतीला हृदय. ज्याला हार्टचा त्रास आहे त्याच्याविषयी लोक आवाज खाली आणून, आदराने बोलतात. त्याने आयुष्यभर कष्ट केले, फार काळजी वाहिली, असं गृहीतच धरलं जातं. दुसऱ्या पंगतीला रक्तदाब आणि मधुमेह. हे घरचेच, चहा बिनसाखरेचा मागितला की आपोआप ओळख पटते. मोतीबिंदूला वयाचा मान. गुडघ्यांना तर जिना चढताना जाहीर कण्हायची मुभा आहे. पण दुखणं कमरेच्या खाली, मागच्या बाजूला सरकलं की पंगत उठते. त्याला ना मान, ना पान. वर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं आणि मग सहानुभूती.

म्हणून आपण त्याचं नाव बदलतो. मराठी माणसाचं पोट बरगड्यांपासून सुरू होतं आणि गरज पडली तर गुडघ्यांपर्यंत जातं. दवाखान्यातल्या बाईंनी भरल्या खोलीत मला विचारलं, "काका, कशासाठी दाखवायचंय?" मी म्हणालो, "पोटाचं आहे." शेजारी बसलेले तिघेही पोटाचेच होते. तिघेही माझ्यासारखेच जरा तिरके, एका अंगावर भार देऊन बसले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि चौघांनी एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घातलं. नाव बदलण्याचं आम्हा नगरकरांना तसं वावडं नाही. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या. पण पुण्याचं अंतर तेवढंच राहिलं. दुखण्याचंही तसंच आहे. त्याला पोट म्हणा, उष्णता म्हणा, 'जरा तिकडचा त्रास' म्हणा. ते आपल्या मुक्कामी बसलेलंच असतं.

आणि हे सगळं कुठे? ज्या मुलखात रस्त्याकडेच्या भिंतींवर 'मूळव्याध, भगंदर, फिशर: बिनऑपरेशन खात्रीशीर इलाज' हे शब्द पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेले असतात तिथे! एस.टी.च्या खिडकीतून शाळकरी पोरं तो मजकूर मोठ्याने वाचतात. अक्षरओळखीचा तो अभ्यासच म्हणा. जो शब्द भिंतीला सांगता येतो तो बायकोला सांगता येत नाही, हा चमत्कार कुठल्या तत्त्वज्ञाने उलगडलेला मला माहीत नाही. आमच्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना परंपरेने दारं नसतात. पण तिथला माणूससुद्धा हे दुखणं सांगायची वेळ आली तर डॉक्टरला म्हणेल, "साहेब, जरा दार लोटून घेता का?"

बायकोला मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, लाल होतं की काळं?" संसाराची पस्तीस वर्षं झाल्यावर बायको किती शास्त्रीय होते पाहा. प्रश्न बरोबर होता. रक्त ताजं लाल असेल तर ते बहुधा अगदी शेवटाकडून आलेलं असतं, काळपट असेल तर वरून कुठून तरी. डॉक्टरांनीही पुढे हेच विचारलं. मग दुर्बिणीची तपासणी ठरली. तिच्या आदल्या रात्री औषध कालवलेलं पाणी लिटरच्या हिशेबाने प्यावं लागतं, आणि मग रात्रभर माणूस किती नश्वर आहे याचा प्रत्यय येत राहतो. तपासणीत मूळव्याध निघाली. ती अपेक्षितच होती. पण त्याखेरीज आतड्याच्या अस्तरावर दोन छोटे कोंब निघाले. त्यांना पॉलिप म्हणतात. बरेचसे पॉलिप निरुपद्रवी असतात, काही प्रकारचे मात्र वर्षांनुवर्षं तसेच राहिले तर त्यांतून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून दिसले की ते काढतात आणि तपासायला पाठवतात. माझेही काढले. डॉक्टर म्हणाले, "काका, बहुतेक काही नसेल. आठ दिवसांनी रिपोर्ट येईल."

बहुतेक! मराठीतला इतका बेभरवशाचा शब्द दुसरा नसेल. नळ दुरुस्त करणारा 'बहुतेक उद्या येतो' म्हणतो तेव्हा आपण शेजाऱ्याकडे बादली मागायला जातो. 'बहुतेक जमेल' असं म्हणणारा पाहुणा लग्नाला येत नाही. आणि इथे माझं सगळं पुढलं आयुष्य त्या एका 'बहुतेक'वर टांगलेलं. डॉक्टरांचं चूक नव्हतं. तो कोंब फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात, केसापेक्षा कित्येक पटींनी पातळ असे त्याचे काप काढतात, त्यांना जांभळा आणि गुलाबी रंग देतात आणि मग एक अनोळखी माणूस सूक्ष्मदर्शकाखाली ते बघत बसतो. एवढी निगुती आपल्याकडे लग्नाच्या साडीलाही मिळत नाही. याला वेळ लागणारच. पण आपला तुकडा मेणात शांत बसलेला असतो आणि आपण बाहेर तडफडत असतो.

या आठ दिवसांत माणूस वैद्यकशास्त्र शिकतो. जेरोम के. जेरोमच्या १८८९ सालच्या 'थ्री मेन इन अ बोट'मधला नायक ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन रोगांचं पुस्तक वाचतो आणि एक मोलकरणीचा गुडघा सोडला तर सगळे रोग आपल्याला आहेत असं त्याला कळून चुकतं. त्या बिचाऱ्याला निदान म्युझियमपर्यंत चालत जावं लागलं होतं. आता ते म्युझियम उशाशी असतं. रात्री दोन वाजता मोबाईल उघडावा, एक प्रश्न विचारावा आणि पहाटेपर्यंत मृत्युपत्राचा मसुदा डोक्यात तयार व्हावा. दिवसा मी हिशेबी माणूस आहे. पण रात्री दोनला हिशेब येत नाही, फक्त बेरीज येते.

मात्र या जागरणांत एक गोष्ट मला ध्यानात आली. भीती आणि लाज या दोन वेगळ्या बाया आहेत. भीती बोलकी आहे. तिला कुणी ऐकणारं भेटलं की ती निम्मी होते. लाज मुकी आहे, आणि ती भीतीच्या तोंडावर हात ठेवून बसते. आजार हा गुन्हा नाही, हे कुणालाही विचारा, मान्य करेल. तरी आपण आरोपीसारखे खाली मान घालून का बसतो? ज्यात आपली करणी नाही, त्याची लाज कशाची?

ही लाज रोगात नसते, याला तर राजाची साक्ष आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भगंदर झालं. १६८६ च्या नोव्हेंबरात फेलिक्स नावाच्या शल्यवैद्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. भूल नावाची चीज तेव्हा नव्हती. राजाला हात लावण्यापूर्वी वैद्यबुवांनी गोरगरीब रुग्णांवर आपला हात बसवून घेतला. त्या बिचाऱ्यांचं काय झालं हे कुणी दरबारात विचारलं नसावं. राजा बरा झाला आणि मग दरबारातले लोक आपल्यालाही तसंच दुखणं आहे असं मिरवू लागले, असं सांगतात. जागा तीच, रोग तोच. पण राजाला झाला आणि एका रात्रीत पहिल्या पंगतीला जाऊन बसला!

राजाची गोष्ट लांबची झाली. जवळची पाहायची तर आमच्याच जिल्ह्यात जामखेडला पाहावी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तिथे काम सुरू केलं, १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी काय केलं, तर गावोगावच्या बायका निवडून त्यांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. बाळंतपण, पोरांची हगवण, क्षय, कुष्ठरोग, हे सगळं त्या शिकल्या. त्या काळी कुष्ठरोग म्हणजे लपवायचा आजार. अंगावर चट्टा दिसला की माणूस बाहीचं बटण लावायचा. पण चट्टा बघायला येणारी बाई आपल्याच आळीतली, आपल्याच विहिरीवर पाणी भरणारी असली की बाही वर करणं सोपं जातं. औषध मोठ्या दवाखान्यातही मिळालं असतं. या बायकांनी औषधाच्या आधीची पायरी बांधली: सांगण्याची. आणि मला वाटतं, इथे आमची म्हण जरा तोकडी पडते. जावई डॉक्टर असला की तोंड बंद होतं, पण शेजारीण डॉक्टर झाली की ते उघडतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे काय चौकात फलक लावायचा? नाही हो. दाराला आपला मान आहे. चार भिंतींच्या आतलं आत राहावं, यात गैर काही नाही. सगळ्यांना सांगायची गरजच नसते, आणि सांगितलं तर काय होतं ते मी ऑफिसात पाहिलं आहे. एकाला सांगितलं आणि दुपारपर्यंत माझ्या टेबलावर सुरण, ताक, इसबगोल आणि एका बाबांचा पत्ता एवढं जमा झालं. खासगी ठेवणं वेगळं आणि लपवणं वेगळं. खासगी गोष्टीचं दार आपण हवं तेव्हा उघडू शकतो. लपवलेल्या गोष्टीची किल्ली एक दिवस आपल्यालाच सापडत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे वडील शेवगावकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. १९८६ साली ते गेले तेव्हा ५९ वर्षांचे होते, मी कॉलेजात होतो. त्याआधी वर्ष-दीड वर्ष त्यांना 'उष्णता' होती. ते सब्जा प्यायचे, गुलकंद खायचे, तिखट सोडलं होतं. धोतर स्वतःच्या हाताने धुवायचे, आईला धुवू द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, किती स्वावलंबी माणूस! अंगावरचं मांस उतरत गेलं, तरी उष्णताच. शेवटी नगरला आणलं तेव्हा तपासण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, आणि कुणी तपासलंही नाही. वर्गात चाळीस पोरांना 'खरं बोलावं' शिकवणारा तो सरळ माणूस होता. तो खोटं बोलला नाही. त्याला शब्दच उच्चारवला नाही.

परवा दुर्बिणीच्या तपासणीआधी मला एक फॉर्म भरायला दिला. त्यात एक प्रश्न होता: आई, वडील, भावंडं यांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की जवळच्या रक्ताच्या नात्यात असेल तर पुढच्यांची तपासणी लवकर सुरू करावी लागते. मी पेन हातात धरून बसलो. हो लिहू? नाही लिहू? मला ठाऊक नव्हतं. शेवटी रकाना रिकामा सोडला. वडिलांनी मागे सायकल ठेवली, पुस्तकं ठेवली, कर्ज ठेवलं नाही. आणि हा एक रिकामा रकाना ठेवला. माणसाला वाटतं, माझं दुखणं माझ्यापुरतं. ते तसं नसतं. सोसायचं ते आपल्यापुरतं असतं, पण त्याची माहिती पुढच्यांच्या मालकीची असते. ती आपण लाजेपोटी दाबून ठेवायची म्हणजे लेकराच्या वाट्याचं घेऊन जाणं झालं.

म्हणून रिपोर्ट यायची वाट न पाहता काल रात्री मी पुण्याला फोन लावला. बायको म्हणत होती, "अहो, आधी येऊ तर द्या. उगाच पोरीच्या जिवाला घोर कशाला?" तिचंही खोटं नव्हतं, घोर लागलाच. मुलीला म्हणालो, "जरा पोटाचं..." ती म्हणाली, "बाबा, पोट म्हणजे नेमकं कुठे?" मग सांगितलं. रक्त, पॉलिप, आजोबांची उष्णता, सगळं. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग जावयाचा आवाज आला. त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता! म्हणाला, "बाबा, माझ्या वडिलांनाही मूळव्याध आहे. ते पण 'पोटाचं'च म्हणतात."

रिपोर्ट परवा आहे. भीती वाटते का म्हणाल, तर वाटते. रात्री दोन वाजता जरा जास्तच वाटते. तो अनोळखी माणूस जांभळ्या-गुलाबी कापात काय बघेल ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात एकच आहे. पुढेमागे माझ्या मुलीपुढे तोच फॉर्म येईल, आणि तेव्हा तिला त्या रकान्यात 'हो' लिहावं लागो की 'नाही', 'उष्णता' असं लिहावं लागणार नाही.