वेग, प्रमाद आणि दंड

रस्त्यावरचे मृत्यू कमी करायचे तर वेगाला कायद्याची वेसण घालावी की चालकाला अधिक चांगले शिकवावे, हा वाद वरवर वाहतूक खात्याचा दिसतो. मुळाशी मात्र नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे: माणूस धाकाने नीट वागतो की समजुतीने, आणि केवळ धाकाने नीट वागणाऱ्याची वागणूक खरी मानावी का?

आधी वेगाचा हिशोब पाहावा लागतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग 94.5 किलोमीटरचा आहे. सपाटीवर मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी. समजा, सगळे अंतर 100 च्या वेगाने कापले तर 57 मिनिटे लागतात, 120 ने कापले तर 47. वाचली ती दहा मिनिटे, म्हणजे फूडमॉलवरच्या एका चहाचा वेळ. आता समजा, पुढे एखादा ट्रक आडवा झाला. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागतो. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर 100 ने येणारी गाडी सुमारे 83 मीटरमध्ये थांबते. त्याच ठिकाणी 120 ने येणारी गाडी अजून ताशी 73 च्या आसपास वेगात असते. म्हणजे वेगमापकावर 20 चा दिसणारा फरक धडकेच्या क्षणी 73 चा होतो. इथे चालकाच्या कसबाला फारसा वाव उरत नाही, कारण ब्रेक दाबला जाण्याआधीच दुसरी गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते.

भारतात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली आणि सरकारी आकडेवारीने त्यांतले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडले. ही टक्केवारी जरा बेतानेच घ्यावी. अपघाताच्या नोंदीत ‘अतिवेग’ लिहिणे सोपे असते. वळण चुकीचे बांधले होते किंवा कठडाच नव्हता असे लिहिले की जाब दुसऱ्या खात्याला द्यावा लागतो.

शिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सहज पटणारे आहे. आरटीओच्या मैदानात पाय न टेकता स्कूटरने आठचा आकडा काढता आला म्हणजे वाहन चालवता आले, असे कोणी मनापासून मानत नाही. पण परीक्षा कडक केली आणि कसब वाढवले की सुरक्षितता आपोआप वाढते, हेही अनुभवाला उतरलेले नाही. नॉर्वेत नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे सक्तीचे प्रशिक्षण दिले गेले, तेव्हा तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. गाडी सावरता येते असे वाटू लागले की ती सावरावी लागेल इतक्या वेगाने चालवली जाते. शिक्षणातून हाताला सफाई आली, पण सफाईबरोबर आलेला आत्मविश्वास तिच्याहून मोठा होता.

अडचण अशी की वर्गापेक्षा मोठा शिक्षक रस्ता असतो आणि तो रोज चुकीचे शिकवतो. 120 ने गेलेला माणूस जवळजवळ प्रत्येक वेळी सुखरूप पोचतो. अशा शंभर फेऱ्या झाल्या की शंभर वेळा एकच धडा गिरवला जातो: काही होत नाही. विस्तवाला बोट लावले की लगेच चटका बसतो. वेगाचा चटका हजारांतल्या एखाद्यालाच बसतो आणि ज्याला बसतो तो पुष्कळदा धडा घ्यायला उरत नाही.

याच गाठीला जैन आचारशास्त्राने फार पूर्वी हात घातला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावध वागण्याशी, जोडलेली आहे. पुढच्या आचार्यांनी तिचा विस्तार केला. जपून चालणाऱ्याच्या पायाखाली एखादा जीव नकळत सापडला तरी हिंसेचा दोष त्याला तसा लागत नाही. बेफिकीर चालणाऱ्याला मात्र एकही जीव मेला नाही तरी लागतो. मुनींच्या पाच समितींतली पहिली ईर्यासमिती, म्हणजे समोरची सुमारे चार हात जमीन पाहत चालणे. दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकेच चालावे, असा हा दंडक आहे. तो पायी चालणाऱ्यांसाठी सांगितला गेला, पण घाटातल्या धुक्यात चालकालाही याहून नेमके काही सांगता येणार नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा मुद्दा 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी ‘नैतिक दैव’ या नावाने ऐरणीवर आणला. ब्रेक तपासायचा आळस करणाऱ्या दोन ट्रकचालकांपैकी एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. चूक सारखीच, पण जग एकाला गुन्हेगार ठरवते आणि दुसऱ्याला विचारतही नाही. वेगमर्यादेच्या दंडाचे खरे समर्थन इथे सापडते. तो परिणामाची वाट पाहत नाही. दैवाने वाचलेल्यालाही तो प्रमादाचा हिशोब विचारतो. रस्ता जो चटका देत नाही, तो मोबाइलवर आलेल्या ई-चलानाच्या रूपाने कायदा देतो. त्या अर्थाने दंड हा शिक्षणाला पर्याय नाही, ते रस्त्याच्या चुकीच्या शिकवणीवरचे उत्तर आहे. म्हणूनच कसबाच्या तालमीआधी त्याला जागा द्यावी लागते.

यावरचा जुना आक्षेप प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधल्या गायजीसच्या अंगठीचा. अंगठी फिरवून अदृश्य होता आले तर कोण नीट वागेल? द्रुतगती मार्गावर ही अंगठी रोज फिरते. कॅमेऱ्याच्या कमानीआधी मागचे लाल दिवे एकामागून एक पेटतात आणि कमान ओलांडली की गाड्या पुन्हा उसळतात. म्हणून या मार्गावर 2024 पासून दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजण्याची सोयही आली. तिथे क्षणभर सज्जन होऊन भागत नाही. अॅरिस्टॉटलच्या मते सद्गुण उपदेशाने येत नाही, तो सवयीने अंगी बाणतो आणि ती सवय लावण्यात कायद्याचा वाटा असतो. एका खांबाजवळचा कॅमेरा ब्रेक दाबायची सवय लावतो. दहा किलोमीटरवर पसरलेला सावकाश चालवायची लावू शकतो.

पण सवय लागायची तर दंड न्याय्य वाटावा लागतो. फ्रान्समध्ये 2003 च्या अखेरीस स्वयंचलित कॅमेरे बसू लागले. 2002 मध्ये तिथे वर्षाला सात हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरत होती. 2010 मध्ये हा आकडा चार हजारांच्या आत आला. मद्यपी चालकांवरची कारवाई आणि इतर उपायही जोडीला होतेच. पुढे जुलै 2018 मध्ये दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवरची मर्यादा 90 वरून 80 वर आणली गेली. आधीच इंधनकराने चिडलेल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना हा पॅरिसचा हुकूम वाटला. पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनात कॅमेऱ्यांवर रंग फासले गेले, काही जाळले गेले. जानेवारी 2019 मध्ये खुद्द गृहमंत्र्यांनी सुमारे 60 टक्के कॅमेरे निकामी झाल्याचे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कायद्याने आपापल्या रस्त्यांवर पुन्हा 90 ची मर्यादा लावण्याची मुभा जिल्हा प्रशासनांना दिली आणि अनेकांनी ती घेतली.